चेक करणे, बँकेचा चेक आणि चेक्सचा शर्ट: हा एकच शब्द आहे का?

नमस्कार. तुम्ही मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवता आणि 'चेक' या शब्दावर वर्गाने तुम्हाला अडवलं. पेपर चेक करणे, बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट, मुलुंड चेकनाका, हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ आहेत की नुसते सारखे ऐकू येणारे वेगवेगळे शब्द? कोश उघडलात तर अर्थांची मोठी रांग निघाली. यातलं मुलांकडून पाठ किती करून घ्यायचं, हा तुमचा प्रश्न. शिवाय एका मुलाने विचारलं की चेक प्रजासत्ताकही त्यातलंच का.

मी बरीच वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतराचं काम करतो. बँकांचे अर्ज, करारनामे, यंत्रांची माहितीपत्रकं, विमान कंपन्यांच्या सूचना असा मजकूर असतो, आणि नव्या भाषांतरकारांना शिकवतोही. हा शब्द आमच्या टेबलावर रोज येतो. माझ्या मते अडचण अर्थांच्या संख्येची नाही. कोश ते अर्थ एकाखाली एक मांडतो, त्यामुळे सगळे सारख्याच तोलाचे आणि एकमेकांशी संबंध नसलेले वाटतात. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक अर्थ आधीच्या कुठल्या तरी अर्थातून निघाला आहे. ती वाट दिसली की पाठांतराचं ओझं बरंच उतरतं.

मुलांना किती सांगायचं, हे मात्र वर्गावर अवलंबून आहे. परीक्षा तोंडावर असेल तर चार वाक्यं नीट लिहिता आली की पुरे. शब्दांची गोडी असलेली मुलं असतील तर पुढचं सगळं सांगा. आणि हा उपाय प्रत्येक शब्दाला चालत नाही, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा. 'फेअर' घ्या. फेअर म्हणजे गोरा, न्याय्य, आणि फेअर म्हणजे जत्रा. पहिला जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ 'सुंदर'. दुसरा लॅटिनमधल्या सणाच्या दिवसाच्या शब्दावरून, फ्रेंचमार्गे आलेला. दोन अनोळखी शब्द योगायोगाने एका स्पेलिंगवर येऊन थांबले. चांगला कोश अशा शब्दांच्या दोन वेगळ्या नोंदी करतो आणि त्यांना 1, 2 असे आकडे देतो. मुलांना पहिली सवय ती लावा: अर्थ वाचण्याआधी नोंदी किती आहेत ते बघायचं.

'चेक'चं तसं नाही. तुम्ही दिलेली चारही उदाहरणं एकाच मुळाची आहेत, आणि ते मूळ तुमच्या मुलांना आधीपासून माहीत आहे. ते मूळ म्हणजे 'शह'.

बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की आपण 'शह' म्हणतो. हा फारसी 'शाह', म्हणजे राजा. समोरच्याला सावध करायचं: राजा बघ! खेळ भारतातला, नाव चतुरंग. तो इराणात गेला तेव्हा चत्रंग झाला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला आणि खेळ त्यांच्याकडे आला. अरबीत 'च' नाही, म्हणून शतरंज. अरबांकडून तो स्पेन, इटली या वाटांनी युरोपात शिरला. 'शाह'चं लॅटिनमध्ये 'स्काकुस' झालं, कारण शेवटचा 'ह' त्यांनी 'क'सारखा उच्चारला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'एस्चेक' झालं. स-च्या जोडाक्षराआधी एक स्वर लावायची फ्रेंचांची जुनी खोड आहे, आपल्याकडे स्टेशनचं 'इस्टेशन' होतं तशीच. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली आणि हा शब्द इंग्रजीत उतरला. इंग्रजांनी पुढचं 'एस्' टाकून दिलं, उरला 'चेक'.

याच शब्दाचं फ्रेंच अनेकवचन म्हणजे इंग्रजीतलं 'चेस'. म्हणजे चेसचा शब्दशः अर्थ 'राजे', अनेकवचनी. पुष्कळ लोक चेस हा शब्द चतुरंगावरून आला असं सांगतात. खेळ चतुरंगावरून आला, शब्द राजावरून. चतुरंगाचं नाव टिकलं ते स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये. गोव्यात पोर्तुगीज जाणणारं कुणी वयस्कर माणूस ओळखीचं असेल तर विचारून बघा. ते बुद्धिबळाला 'शद्रेश' म्हणतील, तो थेट शतरंजचा वंशज. त्याच शब्दाने चौकडीचं कापडही ओळखलं जातं.

'चेकमेट' म्हणजे शहमात. यातल्या 'मात'बद्दल दोन मतं आहेत. एक म्हणतं, अरबीतलं 'मेला'. दुसरं म्हणतं, फारसीतलं 'हतबल झाला'. मला दुसरं पटतं, कारण या खेळात राजा कधी मारला जात नाही. त्याला जायला जागा उरत नाही, एवढंच. मराठीत आपण 'संकटावर मात केली' म्हणतो त्यातही मारणं नाही, निरुत्तर करणं आहे.

आता मुख्य गोष्ट. या एका शब्दाला इंग्रजीत दोन फांद्या फुटल्या. एक फांदी खेळातल्या चालीतून निघाली, दुसरी खेळाच्या पटातून.

चालीची फांदी आधी घेऊ. शह बसला की खेळाडूचे बाकीचे सगळे बेत थांबतात. त्याने काहीही ठरवलेलं असो, आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून 'चेक'चा पुढचा अर्थ झाला: अचानक अडवणं, रोखणं, आवर घालणं. राग चेक करणं म्हणजे राग तपासणं नव्हे, आवरणं. नव्या भाषांतरकारांची सर्वांत जास्त चूक इथे होते, कारण मराठीत 'चेक करणे' याचा फक्त तपासण्याचा अर्थ रुळला आहे.

रोखण्याचा हा जुना अर्थ अजून जिवंत आहे आणि तो तुमच्या मुलांच्या गावात सापडेल. ओढ्यावर, नाल्यावर आडवा घातलेला छोटा सिमेंटचा बंधारा सरकारी कागदात 'चेक डॅम' असतो. तो पाणी तपासत नाही, अडवतो. पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या पाण्याचा वेग मोडतो, गाळ मागे साठतो, पाणी जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना उतरतं. तसाच पंपाच्या पाइपात बसवलेला 'चेक व्हॉल्व्ह'. पाणी वर चढू देतो, उलट फिरू लागलं की झडप मिटते. दुकानात त्याला एनआरव्ही म्हणतात, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. एका पंपाच्या माहितीपत्रकाच्या भाषांतरात मला 'तपासणी झडप' असं वाचायला मिळालं होतं. पंप बसवणारा माणूस हे वाचून काय समजणार? 'एकदिशा झडप' म्हटलं किंवा सरळ 'एनआरव्ही' म्हटलं तर त्याच्या हातातली वस्तू त्याला ओळखू येते. अमेरिकेच्या राज्यघटनेबद्दल बोलताना 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणतात, तिथेही रोखणंच आहे. संसदेने अध्यक्षाला, अध्यक्षाने संसदेला, न्यायालयाने दोघांना आवर घालायचा.

रोखण्यापासून तपासण्यापर्यंत शब्द कसा पोचला? चुकीला किंवा लबाडीला रोखायचं तर नोंद दुसऱ्या नोंदीशी ताडून बघावी लागते. 17 व्या शतकाच्या अखेरीस 'ताडून बघणे' हा अर्थ इंग्रजीत दिसू लागतो, आणि आज तोच सगळ्यांत मोठा झाला आहे. मुलुंडच्या चेकनाक्यात दोन्ही अर्थ एकत्र आहेत: गाडी अडवायची आणि तपासायची. जीएसटी आल्यावर, 2017 मध्ये, मुंबईची जकात गेली. नाव मात्र बसच्या पाटीवर आहेच.

आता पटाची फांदी. बुद्धिबळाचा पट म्हणजे चौकटी. चौकटींचा पट म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेकिए' हा शब्द तयार झाला, त्यातून इंग्रजीत चौकडीच्या कापडाला 'चेकर' आणि आखडून 'चेक'. तुमच्या मुलाचा चेक्सचा शर्ट इथला. कुणाच्या आयुष्याला इंग्रजीत 'चेकर्ड' म्हटलं असेल तर ते 'तपासलेलं' नव्हे. पटासारखं, काळ्यापांढऱ्या घरांचं, म्हणजे चढउतारांचं.

याच पटातून ब्रिटनच्या अर्थखात्याचं नाव निघालं. तिथला अर्थमंत्री आजही 'चान्सलर ऑफ दि एक्सचेकर' म्हणवतो. बाराव्या शतकात राजाचा महसूल मोजायला एक खास टेबल असे. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. लांबी साधारण 10 फूट, रुंदी 5 फूट, चारी बाजूंना चार बोटं उंच काठ, म्हणजे वर ठेवलेलं खाली पडू नये. त्यावर ईस्टरच्या सुमारास विकत घेतलेलं काळं कापड अंथरायचं, कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतरावर रेघा. एक स्तंभ पेन्सांचा, पुढचा शिलिंगांचा, मग पौंडांचा, मग विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. परगण्याचा अधिकारी, म्हणजे शेरीफ, एका बाजूला बसायचा. येणं किती ते सोंगट्या मांडून दाखवलं जायचं, भरलं किती ते त्याखाली मांडलं जायचं, आणि खालच्या सोंगट्या वरच्यांतून वजा व्हायच्या.

हा खटाटोप का, तर हिशेब रोमन आकड्यांत लिहिले जात. त्या आकड्यांत बेरीज-वजाबाकी कागदावर मांडून करणं फार अवघड. पटावर मात्र प्रत्येक स्तंभाला किंमत ठरलेली असते आणि रिकामं घर म्हणजे शून्य. वाचता न येणाऱ्या शेरीफलाही समोर किती सोंगट्या उरल्या ते दिसायचं. फिट्झनील म्हणतो, या टेबलाला बुद्धिबळाचं नाव पडलं ते नुसतं दिसण्यावरून नव्हे. पटावर जसे दोन राजे लढतात तसे इथे खजिनदार आणि शेरीफ एकमेकांसमोर लढतात. मला हे वर्णन फार आवडतं. सरकारी वसुलीचं इतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही, आणि वर्गात फळ्यावर पाच रेघा ओढून, खडूचे तुकडे सोंगट्या म्हणून लावून ते दाखवता येतं.

बँकेच्या चेकपाशी दोन्ही फांद्या पुन्हा एकत्र येतात. 18 व्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी कर्जाच्या कागदांचे दोन भाग असत. एक भाग धारकाकडे, दुसरा तुकडा कचेरीत राहायचा. कागद परत आला की दोन्ही तुकडे जुळवून बघायचे, खाडाखोड झाली असेल तर कळायची. फसवणुकीला आळा घालणारा म्हणून त्या मागे राहणाऱ्या तुकड्याला 'चेक' म्हणू लागले. ही चालीची फांदी. पुढे असा तुकडा असलेल्या छापील कागदालाच, म्हणजे खातेदाराने बँकेला दिलेल्या आदेशाला, 'चेक' म्हणू लागले. घरात कुणाचं जुनं चेकबुक असेल तर मुलांना आणायला सांगा. चेक फाडला की डाव्या बाजूला एक अरुंद पट्टी शिलकीत राहायची, तिच्यावर तारीख, नाव, रक्कम लिहायची. ती पट्टी, काउंटरफॉइल, हा मूळचा 'चेक'. नाव मात्र फाडून दिलेल्या भागाने नेलं.

स्पेलिंगही त्यामुळेच बदललं. आधी बँकेचा चेकही 'सीके'नेच लिहीत. ब्रिटनमध्ये 'क्यूयूई' हे शेपूट 19 व्या शतकात रुळलं, आणि ते 'एक्सचेकर'च्या स्पेलिंगच्या प्रभावाने. पटाच्या फांदीने इथे आपली मोहोर उठवली. आपल्याकडचा 1881 चा परक्राम्य संलेख अधिनियम, ज्याच्या कलम 138 खाली न वटलेल्या चेकचे खटले चालतात, ब्रिटिश काळातला असल्याने 'क्यूयूई'च वापरतो. अमेरिका जुन्या 'सीके'वर राहिली. म्हणून अमेरिकन मजकुरात 'सीके'चा चेक दिसला की थांबून वाक्य वाचायचं: बँकेचा, तपासणीचा, की हॉटेलातल्या बिलाचा? तिकडे जेवण झाल्यावर 'चेक' मागणं म्हणजे बिल मागणं. बरोबरच्या खुणेलाही तिथे 'चेक' म्हणतात, जिला आपण ब्रिटिशांसारखं 'टिक' म्हणतो.

जुळवायच्या तुकड्याची ती पद्धत आणखी एका ठिकाणी उरली आहे. विमानतळावर मोठी बॅग तुम्ही काउंटरवर देता, तिला पट्टी लागते आणि तिचा छोटा तुकडा तुमच्या हातात येतो. ते 'चेक्ड बॅगेज'. त्याचं मराठी 'तपासलेले सामान' असं छापलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. वाचणाऱ्याला वाटतं, सुरक्षा तपासणी झालेलं सामान, म्हणजे हातातली बॅगही त्यात आली! 'विमान कंपनीच्या ताब्यात दिलेले सामान' असं लिहिलं की गोंधळ राहत नाही.

इथपर्यंतचं वर्गासाठी थोडक्यात मांडायचं तर एवढं: मूळ राजा. एका बाजूने शह, मग रोखणं, मग ताडून बघणं, मग जुळवायचा तुकडा. दुसऱ्या बाजूने पट, मग चौकडीचं कापड, मग खजिना. दोन्हींच्या सांध्यावर बँकेचा चेक. हे फळ्यावर झाडासारखं काढलं आणि मुलांनाच वाक्यं देऊन कुठल्या फांदीवर बसतात ते विचारलं तर एक तास छान जातो. चेक डॅम, चेक्सचा टॉवेल, चेकपोस्ट, कोरा चेक, चेकलिस्ट एवढी वाक्यं पुरतात. अर्थ पाठ करायला सांगू नका. फांदी सांगता आली की अर्थ बहुतेक वेळा मुलं स्वतःच काढतात.

दोन सावधगिऱ्या मात्र ठेवा. पहिली, मुलं विचारतील की 'चौकशी' किंवा 'चौकडी'वरून चेक आला का. ऐकायला जवळचं आहे, नातं नाही. 'चौक' हा संस्कृत 'चतुष्क'चा, चार या संख्येचा. नुसता आवाज जुळला म्हणून मूळ एक ठरत नाही. कोणत्या काळात, कोणत्या भाषेत, कोणत्या अर्थाने शब्द लिहिलेला सापडतो, ते बघावं लागतं. दुसरी, मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळला असं नाही. याचं उदाहरण आपल्याच शेजारी आहे. मराठीत विरोधकाला शह देणं म्हणजे त्याला अडचणीत आणणं. हिंदीत 'शह देना' म्हणजे कुणाला फूस लावणं, पाठीशी उभं राहणं. 'किसकी शह पर' याचा अर्थ 'कुणाच्या जोरावर'. हिंदी बातमीचं मराठी करताना इथे अर्थ पार उलटा होतो. शब्द तोच, पण दोन भाषांनी त्याला दोन दिशांनी नेलं. म्हणून मूळ सांगून झाल्यावर चालू वापरातली वाक्यं दिलीच पाहिजेत.

राहिला चेक प्रजासत्ताकाचा प्रश्न. तो शब्द वेगळा. ते त्या लोकांचं स्वतःचं स्लाव्ह भाषेतलं नाव आहे, त्यांच्या दंतकथेत चेख नावाचा मूळपुरुषही आहे. इंग्रजीतलं स्पेलिंग 'सीझेडईसीएच' असं पोलिश वळणाचं आहे, पोलिशमध्ये 'सीझेड' म्हणजे 'च'. शहाशी आणि पटाशी त्याचा संबंध नाही. त्या मुलाची शंका रास्त होती, कारण इंग्रजीत डोळ्यांना वेगळी दिसणारी तीन स्पेलिंगं देवनागरीत एकाच 'चेक'मध्ये मिसळतात. तिन्ही स्पेलिंगं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येकाखाली एकेक वाक्य त्याच मुलाला लिहायला सांगा.